डबीवरचा आकडा आणि अळिंबीतली शर्करा

चिनी वैद्यकात लिंगझीचा मान मोठा. लाकडावर उगवणारी ही अळिंबी तांबूस, वार्निश फिरवल्यासारखी चकचकीत आणि इतकी कठीण असते, की तिची भाजी होत नाही. काप करून काढाच करावा लागतो. आता ती कॅप्सूलमधून जगभर विकली जाते आणि डबीवर ठळक अक्षरांत ‘पॉलिसॅकराइड ४०%’ असं काहीतरी छापलेलं असतं. आकडा जितका मोठा तितकं औषध गुणकारी, असं घेणारा धरून चालतो.

तसं नाही. पॉलिसॅकराइड म्हणजे साध्या शर्करांच्या लांब साखळ्या. तांदळातला स्टार्च, कापसातला सेल्युलोज आणि अळिंबीतलं बीटा-ग्लुकन, तिन्ही ग्लुकोजचेच बनलेले. फरक आहे तो ग्लुकोजच्या जोडणीत. स्टार्चमधली अल्फा जोडणी आपली पाचकद्रव्यं सहज तोडतात. अळिंबीच्या बीटा-१,३ साखळीला बीटा-१,६ फांद्या असतात. ती तोडणारं पाचकद्रव्य माणसाकडे नाही. मात्र आपल्या पांढऱ्या पेशींवरचा डेक्टिन-१ हा ग्राहक रेणू नेमकी ही बीटा-१,३ जोडणी ओळखतो. संशोधकांना रस आहे तो या शर्करेत, आणि डबीवरचा एकगठ्ठा आकडा तिच्याबद्दल काहीच सांगत नाही.

हा आकडा येतो कुठून? बहुतेकदा १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल पद्धतीतून. नळीत अर्काचं पाणी घ्यायचं, फिनॉल घालायचं, वरून तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडायचं. नळी हाताला चटका बसेल इतकी तापते, साखळ्या तुटतात आणि द्रव नारिंगी-पिवळा होतो. रंग जितका गडद तितकी शर्करा जास्त. पद्धत स्वस्त आणि भरवशाची आहे, पण भाताची पेज घातली तरी नळी तशीच नारिंगी होईल.

हा धोका कागदावरचा नाही. अनेक उत्पादक लाकडावर अळिंबी वाढवण्याऐवजी धान्यावर तिचं कवकजाळं वाढवतात आणि धान्यासकट दळतात. मग पुडीत स्टार्च भरपूर आणि बीटा-ग्लुकन थोडं. मकाव विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेत विकली जाणारी लिंगझीची १९ उत्पादनं तपासली. २०१७ साली आलेल्या निष्कर्षानुसार त्यांतली फक्त ५ लेबलशी जुळली. त्यांनी साखळ्यांचा आकार मोजला, ठरावीक जोडणीच तोडणारी एन्झाइम्स वापरून त्यांचे तुकडे केले आणि त्या तुकड्यांचा नमुना अस्सल लिंगझीशी ताडून पाहिला. स्टार्चची लबाडी अशी उघडी पडते. चिनी औषधकोश सुक्या लिंगझीत किमान ०.९०% पॉलिसॅकराइड मागतो. अर्क आटवला की प्रमाण वाढतं हे खरं. तरीही अवाढव्य आकडा दिसला, तर त्यात स्टार्च किती, हे विचारलंच पाहिजे.

दुसरा समज असा, की कडू अर्क म्हणजे अस्सल अर्क. लिंगझीचा कडूपणा ट्रायटर्पीन या वेगळ्याच संयुगांचा. ती अल्कोहोलमध्ये चांगली उतरतात. शर्करेच्या लांब साखळ्या मात्र गरम पाण्यात उतरतात आणि अल्कोहोल ओतलं की साका होऊन तळाशी बसतात. म्हणजे नुसत्या अल्कोहोलमध्ये काढलेला जहाल कडू अर्क बीटा-ग्लुकनच्या बाबतीत जवळपास रिकामा असू शकतो. काढा उकळण्याची जुनी चिनी रीत इथे रसायनशास्त्राला धरून आहे.

गैरसमज लिंगझीपुरते नाहीत. कीडाजडी ही तिबेटच्या पठारावर आणि आपल्या उत्तराखंडातही सुरवंटाच्या शरीरातून उगवणारी बुरशी. तिच्यातल्या ‘कॉर्डिसेपिक आम्ला’चा बराच गवगवा झाला. १९६० च्या दशकात उलगडलं, की ते आम्ल नसून मॅनिटॉल आहे. हे शर्करेपासून बनणारं साधं अल्कोहोल नेहमीच्या खाद्य अळिंब्यांतही सापडतं. नाव मात्र अजून वापरात आहे.

अळिंबीने कॅन्सर बरा होतो, हा सर्वांत घातक समज, कारण त्यापायी उपचार लांबतात. त्याचं मूळ एका खऱ्या शोधात आहे. १९६९ साली जपानच्या गोरो चिहारा यांच्या गटाने शिताके अळिंबीतलं लेंटिनान हे बीटा-ग्लुकन उंदरांमधल्या गाठी रोखतं, असं दाखवलं. १९८५ साली जपानने त्याला जठराच्या कॅन्सरसाठी मान्यता दिली, पण शुद्ध करून, इंजेक्शनने, केमोथेरपीच्या जोडीला. लिंगझीबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ५ चाचण्या आणि ३७३ रुग्ण होते. तिला कॅन्सरवरचा मुख्य उपचार म्हणण्याइतका पुरावा त्यांतून मिळाला नाही.