सहा सिलिंडरांची वेगवान गाडी : आधीं काय सुधारावें?

वेगाची हौस असलेल्या माणसाच्या हातीं सहा सिलिंडरांची जुनी स्पोर्ट्स गाडी आली, कीं कांहीं दिवसांतच त्याला ती अपुरी वाटूं लागते. वास्तविक गाडी काल धांवत होती तितकीच आज धांवत असते. बदललेली असते ती मालकाची दृष्टि. मग सुट्या भागांच्या सूचिपत्रकांचें पारायण सुरू होतें. कोणी म्हणतो, कार्बुरेटर दोनांचे तीन करा. कोणी कॅमशाफ्ट बदलावयास सांगतो. कोणी नवे दट्ट्ये घालून सिलिंडरांतील दाब वाढवा म्हणतो. प्रत्येक भागाच्या शेजारीं वाढीव अश्वशक्तीचा आंकडा छापलेला असतो, आणि या आंकड्यांची बेरीज करण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाहीं. ही बेरीज बहुधा चुकते. ती कां चुकते आणि निवड कोणत्या कसोटीनें करावी, हें समजून घेण्यास इंग्लंडांतील कॉव्हेन्ट्रीच्या जॅग्वार कारखान्याची ‘एक्सके १२०’ ही गाडी फार उपयोगी पडते. कारण या गाडींत काय सुधारावें याचा धडा खुद्द कारखान्यालाच चार वर्षें, आणि तोही सर्व जगासमक्ष, गिरवावा लागला.

१९४८ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनांत ही गाडी प्रथम लोकांपुढें आली. दुसऱ्या महायुद्धांत रात्रीं कारखान्यावर आगीचा पहारा करतांना विल्यम लायन्स, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली ही मंडळी ज्या इंजिनाचे बेत करीत बसत, तें या गाडींत अवतरलें. त्याच्या सिलिंडर-हेडाच्या रचनेंत हॅरी वेस्लेक यांचें डोकें होतें. एका ओळींत सहा सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, ३,४४२ घन सेंटिमीटर क्षमता, दोन कार्बुरेटर, आणि मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर १६० अश्वशक्ति! एका ओळींतील सहा दट्ट्ये अशा क्रमानें वरखालीं होतात कीं एकाच्या हेलकाव्याला दुसऱ्याचा हेलकावा काटतो; म्हणून असें इंजिन चार सिलिंडरांच्या इंजिनाहून किती तरी शांतपणें फिरतें. इंजिनाचा पाया इतका भक्कम होता कीं त्याच घराण्यांतील इंजिनें थेट १९९२ पर्यंत तयार होत राहिलीं. अशा इंजिनाला अधिक शक्ति पेलणार नाहीं, असें म्हणण्याची सोय नव्हती. ती त्याला पेलत होतीच. प्रश्न होता तो भोंवतालच्या गाडीला ती पेलते कीं नाहीं, हा.

प्रथम शक्तीचाच हिशेब पाहावा. गाडी वेगांत आली म्हणजे इंजिनाचें बहुतेक बळ वारा कापण्यांत खर्ची पडतें. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. म्हणजे कमाल वेग एकदशांशानें वाढवावयाचा तर शक्ति जवळजवळ एकतृतीयांशानें वाढवावी लागते. जॅग्वारनें पुढें याच गाडीची ‘स्पेशल इक्विपमेंट’ नांवाची आवृत्ति काढली. तींत झडपा उचलणाऱ्या कॅमची उचल ५/१६ इंचावरून ३/८ इंच केली, धूर बाहेर टाकणारी नळी दुहेरी केली, आणि १६० च्या जागीं १८० अश्वशक्ति मिळविली. आंकडा भारी दिसतो. परंतु हिशेबानें त्यापासून कमाल वेगांत सुमारें चार टक्क्यांचीच भर पडते. म्हणजे ताशीं १२० मैलांच्या जागीं १२५ मैल. चढावर आणि पुढच्या गाडीला ओलांडतांना हा फरक अधिक जाणवतो, हें खरें. पण १९४९ च्या मे महिन्यांत बेल्जियममधील याबेके येथील सरळ रस्त्यावर या गाडीनें छप्पर व काच लावून ताशीं १२६ मैल, आणि काच काढल्यावर १३२ मैलांहून अधिक वेग गांठला होता. इंजिनाला हात न लावतां सहा मैलांची ही कमाई केवळ वाऱ्याची वाट मोकळी करून झाली. सूचिपत्रकांत अशा कमाईला जागा नसते, कारण न बसविलेल्या वस्तूची किंमत कोण लावणार?

शक्ति वाढविण्याच्या तीन प्रमुख वाटा आहेत, आणि तिन्हींना कोठें ना कोठें अडसर आहे. कार्बुरेटर वाढविले तर सिलिंडरांना श्वास मोकळा मिळतो. दोन कार्बुरेटरांतून प्रत्येकीं तीन सिलिंडरांना वांटणी होते, तर दुहेरी तोंडाचे तीन कार्बुरेटर लावल्यास प्रत्येक सिलिंडराला स्वतःचें तोंड मिळतें. पण हा मोकळा श्वास वेगानें फिरणाऱ्या इंजिनालाच उपयोगी. गांवांतील गर्दींत तेंच इंजिन अडखळतें. दाब वाढविला तर तेंच पेट्रोल अधिक काम देतें; परंतु हलकें पेट्रोल दाबाखालीं अवेळीं भडकतें आणि दट्ट्यांवर घाव बसतात. युद्धानंतर १९५३ च्या आरंभापर्यंत ब्रिटनमध्यें एकाच हलक्या प्रतीचें सरकारी पेट्रोल मिळे, म्हणून कांहीं गाड्यांना कमी दाबाचे दट्ट्ये घालण्यांत येत. तिसरी वाट इंजिन अधिक वेगानें फिरविण्याची. येथें एक्सके इंजिनाचा स्वभावच आड येतो. त्याच्या सिलिंडराचा व्यास ८३ मिलिमीटर, पण दट्ट्याची धांव १०६ मिलिमीटर. मिनिटाला ५,००० फेऱ्यांना दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेसतरा मीटरांहून अधिक होतो. फेऱ्या ६,००० केल्या तर दट्ट्याला मागें-पुढें खेंचणारा जोर ४४ टक्क्यांनीं वाढतो. तेव्हां उंच फेऱ्यांवरच फळ देणारा कॅम या लांब धांवेच्या इंजिनाला लावणें म्हणजे वजनदार पहिलवानाकडून दोरीवरच्या उड्यांची अपेक्षा करण्यासारखें आहे.

आतां थांबण्याकडे वळूं या, कारण खरी गोम तेथें आहे. एक्सके १२० चें वजन सुमारें १,३०० किलो. ताशीं १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर वेगानें जाणारी ही गाडी एकदां पूर्ण थांबविली तर ब्रेकमध्यें जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर साधारण चार लिटर गार पाणी उकळी येईपर्यंत तापवितां येईल. वेग निम्मा असता तर एक लिटरच तापलें असतें. ही सारी उष्णता बारा इंची लोखंडी ड्रमांत कोंडली जाई. तापलेला ड्रम फुगून आंतल्या शूपासून दूर सरकतो, पायाखालची पट्टी अधिकाधिक खोल जाऊं लागते, आणि शूवरचें अस्तर तापून त्याची पकडही सुटते. त्यांतून या गाडीचीं पोलादी चाकें भरीव तबकडीसारखीं असून मागच्या चाकांवर शोभेचीं झांकणें असत. वाऱ्यानें ड्रमापर्यंत जावें कोठून? ‘स्पेशल इक्विपमेंट’ गाडीला तारांचीं चाकें मिळालीं आणि मागचीं झांकणें गेलीं, हा तिचा लाभ वीस अश्वशक्तींपेक्षां कमी मोलाचा नव्हता.

१९५० सालीं फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतींत थोडाफार फेरफार केलेल्या तीन एक्सके १२० उतरल्या. लेस्ली जॉन्सन आणि बर्ट हॅडली यांची गाडी आघाडीच्या गाड्यांत होती. पण ब्रेक थकले, तेव्हां घाट उतरणारा ड्रायव्हर करतो तेंच त्यांना करावें लागलें : खालचे गिअर घालून इंजिनाच्या ओढीनें गाडी रोखून धरावयाची. हा भार क्लचला सोसवला नाहीं, आणि शर्यतीचे शेवटचे कांहीं तास उरले असतां गाडी बाहेर पडली. कागदोपत्रीं क्लच निकामी झाला. दोष मात्र ब्रेकचा होता. सुधारणा निवडणाऱ्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. क्लच पाहून क्लचच बदलणारा कारागीर पुढच्या वर्षीं तेथेंच अडकला असता.

पुढच्या वर्षीं कारखान्यानें नळ्यांच्या सांगाड्याची, हलक्या अंगाची ‘सी-टाइप’ गाडी तयार केली. इंजिन तेंच, शक्ति सुमारें २००. तीन गाड्या निघाल्या. दोघींच्या इंजिनांतील तेलाची एक नळी कंपनानें तुटली आणि त्या संपल्या; तिसरीची टिकली, आणि पीटर वॉकर व पीटर व्हाइटहेड विजयी झाले. शक्ति वाढविली म्हणजे कंपही वाढतो, आणि तो आपला बळी कोठल्या कोपऱ्यांतून उचलील याचा नेम नसतो, हें त्या विजयाच्या आनंदांत कितीजणांनीं पाहिलें असेल कोण जाणे!

१९५२ चें वर्ष मात्र कडू गेलें. मे महिन्यांत इटलींतील मिले मिलिया शर्यतींत मर्सिडीझच्या नव्या ३०० एसएल गाड्यांचा वेग पाहून स्टर्लिंग मॉसनें, ल माँसाठीं अधिक वेग पाहिजे, अशी कारखान्याला तार केली. वेळ थोडा होता. वारा कापण्यासाठीं गाडीला लांब, उतरतें नाक देण्यांत आलें. त्याखालीं नेहमीचा रेडिएटर मावेना, म्हणून पाण्याची वरची टाकी वेगळी काढून निराळ्या ठिकाणीं बसविली. शर्यतींत इंजिनें तापूं लागलीं आणि तिन्ही जॅग्वार पहिल्या कांहीं तासांतच बाहेर पडल्या. विजय मर्सिडीझला मिळाला. सर्वांनीं नव्या नाकाला दोष दिला; नंतरच्या चांचण्यांत मात्र असें दिसलें कीं मुख्य दोष पाण्याच्या अरुंद नळ्यांत आणि पंपाच्या कप्पींत होता. म्हणजे सुधारणा चुकीची नव्हती. तिच्या पोटांतून निघालेली दुसरी, बारीक सुधारणा कोणी नीट तपासली नव्हती. उतावीळ मालकाच्या गराजमध्यें जें नित्य घडतें, तेंच येथें नामांकित अभियंत्यांच्या हातून घडलें.

त्याच वर्षीं जूनच्या अखेरीस रान्स येथें मॉसनें सी-टाइपवर शर्यत जिंकली. त्या गाडीला डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक होते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती. दोन्ही बाजूंनीं गाद्या तिला चिमटींत धरतात. ती तापून फुगली तरी गाद्यांपासून दूर जात नाहीं, उलट किंचित जवळच येते. आणि उघडी असल्यामुळें वारा तिला सतत गार करतो. १९५३ च्या ल माँला हे ब्रेक लावून, तीन दुहेरी कार्बुरेटर घेऊन, पातळ पत्र्याच्या आणखी हलक्या अंगानिशीं जॅग्वार उतरली. फेरारीचीं इंजिनें अधिक मोठीं होतीं. शक्तीच्या आंकड्यांत जॅग्वार मागें होती. पण कित्येक किलोमीटरांच्या सरळ रस्त्याच्या टोकाशीं जें तीव्र वळण येतें, तेथें इतर चालक आपल्या ड्रमांना जपत लवकर पाय दाबीत, आणि जॅग्वारचे चालक शेंकडो फूट पुढें जाऊन. शिवाय तेविसाव्या तासालाही ब्रेक पहिल्या तासासारखेच धरीत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले. सरासरी वेग ताशीं १०५ मैलांवर गेला. त्या शर्यतींत शंभर मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली. जॅग्वारची दुसरी गाडी दुसरी आली, तिसरी चौथी.

कारखान्यानें हा धडा रस्त्यावरच्या गाड्यांतही हळूहळू उतरविला. १९५४ च्या एक्सके १४० मध्यें सुकाणूची रचना सुधारली, आणि १९५७ च्या एक्सके १५० ला चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळाले.

आज जो एक्सके १२० चालवितो त्याचें भांडवल मर्यादित असतें, आणि शर्यतीच्या मैदानापेक्षां त्याची गाडी ट्रकांच्या मागें व सिग्नलाशींच अधिक वेळ उभी असते. अशा मालकानें पहिला खर्च नवें कांहीं बसविण्यावर नव्हे, तर जुनें होतें तसें करण्यावर करावा. झिजलेल्या झडपा, चुकलेली ठिणगीची वेळ आणि गाळानें भरलेला रेडिएटर यांनीं किती अश्वशक्ति खाल्ली आहे, हें तपासल्यावांचून वाढीची भाषा व्यर्थ आहे. त्यानंतर ब्रेक. पुढच्या चाकांना डिस्क लावले, तरी पायाला फरक लागलाच जाणवतो. मग थंडाव्याची सोय : अधिक क्षमतेचा रेडिएटर आणि विजेवर चालणारा पंखा, कारण उभ्या गाडीला वारा मिळत नाहीं आणि हें इंजिन खोळंब्यांत तापतें. टायर व स्प्रिंगा त्याच्या पाठोपाठ. एवढें झाल्यावर ३/८ इंची कॅम आणि आजच्या चांगल्या पेट्रोलला साजेसा दाब यांचा विचार करण्यास हरकत नाहीं. तीन कार्बुरेटरांचा थाट बहुतेकांना अखेरपर्यंत लागत नाहीं, आणि ज्यांना लागतो त्यांना तो जुळवून ठेवण्यासाठीं रविवारही राखून ठेवावे लागतात.

जाणते मालक आणखी एक काळजी घेतात. नवे ब्रेक बसवितांना मूळच्या सांगाड्याला कोठेंही भोंक पाडूं देत नाहींत, आणि काढलेले ड्रम तेलकट फडक्यांत गुंडाळून, वर चाकाची बाजू लिहून, फळीवर ठेवून देतात.