श्रद्धेचा उच्चार आणि त्याची किंमत

ख्रिस्ती धर्मप्रचार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मिशनचा बंगला, परदेशी पैसा आणि फुकट वाटली जाणारी पुस्तके उभी राहतात. वास्तविक या प्रचाराचे सर्वांत जुने रूप याहून पुष्कळ साधे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात अंद्रिया आपल्या भावाला, शिमोनाला, गाठतो आणि येशूविषयी सांगतो. मार्काच्या शुभवर्तमानात बरा झालेला एक मनुष्य येशूबरोबर जाऊ पाहतो, तेव्हा घरी जाऊन आपल्या माणसांना ही हकीकत सांग, अशी त्याला आज्ञा होते. सभामंडपाच्या आधी घरचा उंबरठा आला, आणि तेथेच हे काम सर्वांत अवघड असते. परक्या श्रोत्याला आपले शब्द तेवढे ठाऊक असतात. घरच्यांना आपले वागणेही ठाऊक असते.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नवा करार दिला. दोघेही अपरिचित, कोणी कोणाचे देणे लागत नव्हता. परंतु १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरात आकांत उडाला. लक्ष्मीबाईंना पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहावे लागले. पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीजवळ आल्या, त्या आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळूनच. टिळकांचा तापट स्वभाव ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला परिचित आहे. तरीही आपली श्रद्धा लपवायची नाही आणि पत्नीवर ती लादायचीही नाही, या एका बाबतीत या उतावळ्या गृहस्थाने दम धरला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने झाला.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला या कथेतील एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. येथे किंमत कोणी मोजली? बोलणाऱ्याने. ज्याच्या शब्दाने त्याचे स्वतःचेच नुकसान होते, त्याचा शब्द बाजारातही अधिक विश्वासार्ह मानतात. टिळकांना हे मर्म उमगले असावे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तालाही तेथे मज्जाव नव्हता. पगार घेऊन केलेला उपदेश खोटाच असतो असे नव्हे (तसे असते तर आम्हा प्राध्यापकांची पंचाईत झाली असती!), परंतु ऐकणाऱ्याच्या मनातील एक शंका त्यामुळे दूर होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचे. १८८९ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था पुढील वर्षी पुण्यास आली. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन संस्थेने दिले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. १८९३ साली यावरून पुण्यात गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. दार लावून प्रार्थना करा असे त्यांना सांगणेही अन्यायाचे झाले असते. परंतु ज्या विधवा मुलीला जगात दुसरा आसरा नाही, तिच्यावर आश्रयदात्रीच्या श्रद्धेचे वजन पडते, ते आगगाडीतील सहप्रवाशाच्या बोलण्याचे पडत नाही, ही टीकाकारांची शंका निराधार म्हणता येणार नाही.

आपल्या कायद्याने मात्र हा भेद नीट केलेला नाही. घटनेच्या २५व्या अनुच्छेदात धर्म मानण्याबरोबर त्याच्या प्रचाराचाही हक्क आहे. तो शब्द असावा की नसावा यावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत वाद झाला आणि तो राहिला. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने, प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क नव्हे, असा निर्णय दिला. येथवर ठीक आहे. परंतु उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याने आमिषाच्या व्याख्येत पैसा, नोकरी, फुकट शिक्षण यांच्या पंक्तीला ईश्वरी कोपही आणून बसविला आहे. नोकरीचे आमिष समजू शकते. ते देणाऱ्याच्या हातात असते. ईश्वराचा कोप कोणत्या मित्राच्या हातात असतो? असा कायदा दबावापेक्षा संभाषणावरच अधिक नजर ठेवतो.

उलट श्रद्धा उघड सांगणाऱ्याकडून जी किंमत वसूल होते, तिचा उल्लेख कोणी करीत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २६व्या कलमानुसार धर्मांतरानंतर जन्मलेली अपत्ये हिंदू नातलगांच्या वारसाहक्कास अपात्र ठरतात. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात हिंदूंनंतर १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध यांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलित अद्याप बाहेरच आहेत. जिल्ह्याच्या गावी एखादा तरुण कारकून मनाने ख्रिस्ती झाला, तर त्याने ते उघड म्हणताच त्याच्या मुलाची शिष्यवृत्ती आणि राखीव जागा धोक्यात येते. जातीमुळे सोसावे लागणारे मात्र धर्म बदलला म्हणून थांबत नाही; खुद्द चर्चमध्ये आणि दफनभूमीतही ते त्याची पाठ सोडत नाही. अशा मनुष्याने घरी प्रार्थना करावी आणि दाखल्यावर जुनाच धर्म राहू द्यावा, यात नवल काय? व्यासपीठावरून त्याला भित्रा म्हणणाऱ्या धर्मगुरूला ती किंमत मोजावी लागत नाही, आणि त्याला फसवा म्हणणाऱ्या राजकारण्यालाही नाही. ती मोजायची की नाही, हे तो रोज सकाळी कचेरीत जाताना ठरवतो, आणि शेजारच्या टेबलावरच्या मित्राने सहज ‘रविवारी कुठे होतास?’ असे विचारले तर उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबतो.