हत्तीरोग शोधणारं पथक रात्रीच दार का वाजवतं?

रात्रीचे नऊ वाजून गेलेत. जेवणं उरकलीत, टीव्ही चालू आहे. तेवढ्यात आरोग्य कर्मचारी दारात येतात आणि बोटाला टोचून थेंबभर रक्त मागतात. नागपूरसारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यातल्या शहरात हे नवं नाही. ‘दिवसा या ना,’ असं म्हणावंसं वाटणं साहजिक आहे. पण दिवसा येऊन उपयोग नसतो.

हा रोग होतो दोऱ्यासारख्या जंतांमुळे. प्रौढ जंत लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षं जगतात. त्यांची सूक्ष्म पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. गटारं आणि सेप्टिक टँकमधल्या घाण पाण्यात तो वाढतो, त्यामुळे शहरात त्याची चंगळच असते.

मग सुजलेले पाय मोजले तर? तिथेच गफलत होते. पाय सुजायला अनेक वर्षं लागतात आणि तोवर त्या माणसाच्या रक्तात मायक्रोफायलेरिया बहुधा सापडतही नाहीत. उलट ज्याच्या रक्तात ते आहेत, तो अनेकदा ठणठणीत दिसतो. डासाला जंत मिळतात ते त्याच्याकडून. म्हणून धडधाकट माणसाचंही रक्त घ्यावं लागतं. काचपट्टीवर थेंब पसरून, वाळवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंत शोधतात. शंभरात एक किंवा त्याहून जास्त जण बाधित निघाले, तर सगळ्या वस्तीला गोळ्या द्यायची वेळ येते.

आता प्रौढ जंतांचं प्रतिजन ओळखणारी पट्टीही आली आहे. ती दिवसाही चालते आणि दहा मिनिटांत उत्तर देते. गोळ्यांच्या फेऱ्या झाल्यावर याच पट्टीने सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी करतात. मुलंच का? मोठ्यांमधला संसर्ग जुना असू शकतो. एवढ्या लहान मुलात तो सापडला, तर रोग अलीकडेपर्यंत पसरत होता हे कळतं.

डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देण्याची पद्धत नागपूर जिल्ह्यात 2019 साली सुरू झाली. गर्भवती, दोन वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी माणसं यांना या गोळ्या देत नाहीत. बाकीच्यांनी कर्मचाऱ्यासमोरच गिळायच्या असतात, कारण ‘नंतर घेतो’ म्हणून ठेवलेल्या गोळ्या बऱ्याचदा कपाटातच राहतात. काहींना त्यानंतर ताप येतो, मळमळतं. रक्तातले जंत मरत असल्यामुळे असं होतं आणि बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं.

एकदा वाढलेला पाय मात्र या गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. त्याला रोज साबणाने धुणं, कोरडा ठेवणं आणि जखमा जपणं एवढंच हाती राहतं.