नवव्या महिन्यात घराने काय जाणावे



गळिताचा हंगाम म्हणजे घरात सगळ्यांचीच धावपळ. अशा वेळी लेक किंवा सून दिवसांत असली, तर तिच्या दुखण्याला ‘तोड संपू दे, मग बघू’ असे उत्तर मिळते. तसे होऊ नये म्हणून हे चार शब्द.

डॉक्टरांनी दिलेली तारीख अंदाजाची असते. ३७ आठवडे भरले की बाळंतपण केव्हाही होऊ शकते. पहिलटकरणीचे पोट बहुधा थोडे आधी खाली उतरते. दम कमी लागतो, लघवीला मात्र वरचेवर जावे लागते. कच्च्या कळा कशाही येतात व विसाव्याने थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. त्यांचा जोर वाढतो, अंतर कमी होत जाते. मग दवाखाना गाठावा.

मात्र अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली, झटका आला किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर कळांची वाट पाहू नये. ‘शेवटी बाळ कमीच हलते’ ही समजूत खोटी आहे.

१०८ नंबरवर रुग्णवाहिका मिळते. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. तपासणीचे कार्ड व कपडे पिशवीत भरून ठेवा. रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल तेही ठरवा. आपल्या फडातल्या तोडकरी बाईचे दिवस भरले असतील, तर तिलाही हेच लागू.

तोड दोन दिवस मागेपुढे होते. बाळंतपण थांबत नाही.