अल्बममध्ये आजी कुठे आहे?

तुळशीचं लग्न लागलं की ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्या वह्या बाहेर निघतात. कार्यालय, गुरुजी, जेवणाचा ठेका, सनईवाले, रुखवत, मानपानाच्या साड्या. या यादीत फोटोग्राफरचा नंबर पूर्वी दहावा-बारावा असायचा. 'कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला सांगून ठेवा' एवढं म्हटलं की ते काम संपत असे. आता तो कार्यालयाच्या पाठोपाठ येतो, आणि काही घरांत तर त्याच्या मोकळ्या तारखा पाहून मुहूर्त काढला जातो. आमच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा कार्यालय एका दुपारी ठरलं, जेवण दोन दिवसांत. फोटोग्राफर ठरायला मात्र पाच आठवडे लागले. त्यातले निम्मे माझ्यामुळे गेले, हे कबूल करते. त्याचं कारण सांगायचं तर आधी १९८८ सालच्या सांगलीला जावं लागेल.

त्या वर्षी मे महिन्यात माझ्या ताईचं लग्न झालं. वडिलांनी फोटोग्राफरला दोन रंगीत रोल सांगितले होते. एका रोलमध्ये ३६ फोटो, म्हणजे सगळं लग्न ७२ फोटोंत बसवायचं. रोल, तो धुणं आणि प्रिंटा काढणं हा खर्च तेव्हा आमच्यासारख्या घराला चांगला जाणवायचा. म्हणून एक काका दिवसभर फोटोग्राफरच्या पाठीशी उभे. 'इथे नको, लाजाहोमाला ठेव. आता काढ, साहेब आलेत.' परवा मी तो अल्बम काढून मोजलं. ७२ पैकी ४१ फोटो आहेर घेतानाचे आहेत. माणसं बदलतात, पाकिटं बदलतात, ताई आणि भावोजी मात्र एकाच चेहऱ्याने हसतायत.

आमची आजी, वडिलांची आई, त्या अल्बममध्ये नाही. अगदी खरं सांगायचं तर अर्धी आहे. कानपिळीच्या फोटोत मागे कोठीच्या खोलीचं दार दिसतं, त्या दारात ती उभी आहे. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. आजी विधवा होती. तिला कुणी पुढे येऊ नको म्हटलं नव्हतं. आमचं घर तसं नव्हतं, असं निदान आम्ही समजत होतो. तीच म्हणाली, "मी कशाला पुढे?" आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दिवसभर ती कोठीत नारळ मोजत होती, ओटीचे तांदूळ निवडत होती, कुलपाची किल्ली कमरेला. फोटोग्राफर कोठीत जाणार कशाला? त्याला आमच्यापैकी कुणी तसं सांगितलंच नव्हतं.

१९९० च्या श्रावणात आजी गेली. तेराव्याला तसबीर हवी म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो नाही हे ध्यानात आलं. वडील त्या स्टुडिओत निगेटिव्ह मागायला गेले. निगेटिव्ह बहुतेक स्टुडिओवालाच ठेवून घेत असे, पुन्हा कॉपी हवी तर गिऱ्हाईक त्याच्याकडेच आलं पाहिजे म्हणून. त्याने दोन-तीन खोकी उलटीपालटी केली आणि जागा नव्हती म्हणून जुना माल काढून टाकला, असं सांगितलं. मग दुसऱ्या एका स्टुडिओने पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटचाच पुन्हा फोटो काढून तो मोठा केला. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. तिथल्या आर्टिस्टने ब्रशने त्यात डोळे, भुवया, ओठ भरले. सुबक काम होतं. ती तसबीर आजही सांगलीच्या घरी आहे, पण तिच्यातले डोळे आजीचे नाहीत, त्या आर्टिस्टचे आहेत. वडील दर पितृपक्षात तिला हार घालायचे, पण तिच्याकडे फारसं बघायचे नाहीत.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी लेकीबरोबर फोटोग्राफर बघायला निघाले होते. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने मोबाइलवर वीसेक जणांचं काम पाहून तिघांची नावं काढून ठेवली होती.

पहिल्याचं ऑफिस गारेगार. भिंतभर पडद्यावर त्याने फोटो दाखवले आणि ते सुंदर होते, यात शंका नाही. सूर्यास्त, उडणारी ओढणी, किल्ल्याच्या तटावर जोडपं, ड्रोनमधून दिसणारा मंडप. (ड्रोनचं एवढंच सांगते की २०२१ च्या नियमांनुसार तो हवा तिथे उडवता येत नाही. विमानतळाजवळ तर नाहीच. परवानगी कुणी काढायची ते आधी विचारावं.) भाव साडेतीन लाख. मी म्हटलं, "हे चाळीस फोटो तीसेक लग्नांतले दिसतायत. मला एकाच लग्नाचे सगळे दाखवा. सकाळच्या पहिल्यापासून रात्रीच्या शेवटच्यापर्यंत." तो जरा थबकला. मग म्हणाला, "काकू, तसं कुणी मागत नाही."

मागायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे. दहा लग्नांतून चार-चार चांगले फोटो कुणालाही निवडता येतात. एक लग्न सलग पाहिलं की माणसाचा हात कळतो. आपल्या कार्यालयांत एका कोपऱ्यात ट्यूबलाइट, स्टेजवर पिवळे दिवे आणि मागे रंगीत एलईडीची भिंत असते, तिथे माणसांच्या चेहऱ्यांचा रंग माणसासारखा येतो का? अंतरपाट दूर होतो तो क्षण किती? 'शुभमंगल सावधान' झालं, अक्षता पडल्या, संपलं. तो त्याला सापडलाय, की नंतर 'गुरुजी, परत एकदा हार घालायला सांगा' झालंय? आणि झाल! वेळूच्या टोपलीत दिवे ठेवून ती वराकडच्या माणसांच्या डोक्यावर टेकवत मुलीचे आईवडील तिला त्यांच्या हवाली करतात. मोठे दिवे मालवले तर फक्त त्या ज्योतींचा उजेड, आणि सगळ्यांचे डोळे भरलेले. तिथे ज्याने खाडकन फ्लॅश मारलाय, त्याच्याकडून उठावं.

यापलीकडे मी एक गोष्ट बघत होते. त्या फोटोंत म्हातारी माणसं आहेत का? आणि असली तर ती फक्त ग्रुप फोटोत, ओळीत बसवलेली आहेत, की कुठे गप्पा मारताना, पेंगताना, नातवाला जिलबी भरवतानाही?

दुसरा फोटोग्राफर स्वस्त होता, साठ हजारांत सगळं. माणूस गोड. पण "तुम्ही स्वतः येणार ना?" म्हटल्यावर "मी असेनच, नाहीतर आपली पोरं आहेतच" असं उत्तर आलं. आपल्याकडे मुहूर्त मोजके, त्यामुळे एकाच तारखेला सगळ्या गावाची लग्नं. एकाच दिवशी तीन कार्यालयं घेतली की एका ठिकाणी उस्ताद आणि दोन ठिकाणी शिकाऊ जाणार. पोरांनीही कुठेतरी शिकायला हवंच, पण ते आपल्याच मुलीच्या सप्तपदीवर का? जो येणार त्याचं नाव कागदावर लिहून घ्यावं, आणि त्यानेच काढलेलं लग्न पाहावं.

तिसरं हे नवरा-बायकोचं जोडपं निघालं. दोघंही फोटो काढणारे. ते घरी आले, चहा झाला, आणि बराच वेळ त्यांनी काही दाखवलंच नाही. तेच आम्हाला विचारत होते. मुहूर्त किती वाजता? मामा मुलीला कोणत्या बाजूने आणणार? गुरुजी मंगलाष्टकांच्या वेळी स्टेजवर किती माणसं चालवून घेतात? कानपिळीला सख्खा भाऊ की मावसभाऊ? बाई म्हणाल्या, "गौरीहराच्या खोलीत मी असेन. तिथे मुलीच्या आजूबाजूला सगळ्या बायका असतात. पुरुष फोटोग्राफर आला की सगळ्या पदर सावरून बसतात." हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मग त्यांनी लॅपटॉपवर एक अख्खं लग्न उघडलं. एकोणीसशे फोटो. आम्ही तास-दीड तास बघत बसलो. मध्येच कुठेतरी एक आजोबा खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेत, मांडीवर पेढ्यांचा खोका, त्यावर दोन्ही हात घट्ट. लेक खळखळून हसली. माझं तिथेच ठरलं. भाव एक लाख साठ हजार होता. ह्यांनी थोडी घासाघीस करून पाहिली, काही उपयोग झाला नाही.

लेकीला प्री-वेडिंग हवंच होतं. माझा त्याला विरोध होता, तो मोडून पडला. शेवटी किल्ला आणि समुद्रकिनारा रद्द होऊन ती दोघं जिथे पहिल्यांदा भेटली त्या उडप्याच्या हॉटेलात दोन तास फोटो काढायचे ठरले. ते फोटो मला पुढे लग्नातल्या निम्म्या फोटोंपेक्षा जास्त आवडले, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

कराराचा कागद आला तेव्हा ह्यांनी चष्मा लावून तो ओळ न् ओळ वाचला. त्यात बारीक अक्षरात होतं की सर्व छायाचित्रांचे हक्क फोटोग्राफरकडे राहतील. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कलम १७ मध्ये सांगतो की पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. मात्र उलट करार झाला नसेल तरच. म्हणजे बारीक अक्षरातल्या त्या एका ओळीवर सही केली की आपलेच फोटो आपले राहत नाहीत. आम्ही बोललो. त्यांनी ती ओळ खोडली, आणि त्यांच्या जाहिरातीत कोणते फोटो लावायचे ते मुलीला विचारूनच लावू, असं खाली लिहून दिलं. आणखी दोन गोष्टी लिहून घेतल्या. मूळ फाइली सगळ्या द्यायच्या, निवडलेल्याच नव्हेत. आणि अल्बमसाठी आम्ही महिन्याभरात फोटो निवडायचे. ही दुसरी अट खरं तर आमच्यावरच होती. ओळखीच्या किती घरांत लग्नाला तीन-तीन वर्षं झाली, चार हजार फोटो डिस्कमध्ये पडून आहेत आणि अल्बम नाही! ७२ असते तर बिचाऱ्यांनी केव्हाच लावून टाकले असते. फाइलींच्या दोन प्रती केल्या, एक आमच्याकडे, एक सांगलीला. एकाच कपाटात दोन डिस्क ठेवणं म्हणजे एकाच खिशात दोन किल्ल्या ठेवण्यासारखं आहे.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्या बाईंनी घरच्या माणसांची यादी मागितली. कुणाबरोबर कुणाचा फोटो राहता कामा नये, अशी. इथे एक सांगायला हवं. हे काम फोटोग्राफरचं नाही, आपलं आहे. त्याला आत्या आणि मावशी सारख्याच. कोण कोठीत बसणार आहे, कोणाला जिना चढवत नाही, कोण लवकर निघून जाणार आहे, हे घरच्याच माणसाला ठाऊक. आम्ही भाच्याला त्यांच्याबरोबर दिवसभर जोडून दिला. यादीत मी पहिलं नाव सासूबाईंचं लिहिलं. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या, सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. साड्यांची खरेदी चालली होती तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "मी आपली मागे बसेन हं. मला पुढे ओढू नका." अगदी तोच सूर. मला सांगलीची कोठी आठवली. पण ओढायचं कसं? चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला त्याच्या मनाविरुद्ध स्टेजवर उभं करणं हीही एक जबरदस्तीच. ती यादी देताना मी बाईंना एवढंच म्हटलं, "त्या येणार नाहीत. तुम्ही जा त्यांच्याकडे."

लग्नाचा दिवस कसा गेला ते मला विचारू नका, वधूमाईला काही दिसत नसतं. एवढं आठवतं की दुपारी तीन वाजता ते दोघं फोटोग्राफर कोपऱ्यात उभ्याउभ्या पाणी पीत होते आणि पंगत उठत आली होती. सकाळी सहापासून उभी माणसं. सगळ्यांचं जेवण झालं का हे आम्ही शंभरदा विचारलं होतं, त्यांना एकदाही नाही. भाच्याने धावत जाऊन दोन ताटं वाढून आणली.

वीस दिवसांनी फोटो आले. लेक आणि जावई आले होते, टीव्हीवर लावून सगळे बघत बसलो. सासूबाई आरामखुर्चीत. अकराशेच्या पुढे कुठेतरी त्या आल्या. कार्यालयाची शेवटची रांग, बाकीच्या खुर्च्या रिकाम्या, कारण सगळे स्टेजकडे धावलेत. त्या एकट्याच उभ्या राहिल्यात, काठी खुर्चीला टेकवलेली, टाचा किंचित उचललेल्या. मूठ वर आहे आणि अक्षता नुकत्याच सुटल्यात. त्या अंतरावरून एकही दाणा नवरानवरीपर्यंत पोचणार नव्हता. डोळे अगदी स्पष्ट आलेत.

खोलीत कुणी काही बोललं नाही. सासूबाई पुढे वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"पदर बघ कसा आलाय माझा," त्या म्हणाल्या. "फोटो काढतेय हे आधी सांगायचं नाही का त्या पोरीने?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्या लेकीला फोनवर सांगत होत्या, "त्याच्या दोन कॉप्या काढ गं. एक मिरजेला धाकटीला पाठवायचीय. आणि मोठ्या काढ, तिला दिसत नाही आता नीट."