काका, मामा आणि आयएसओ 13211

सौदीत दोन-चार वर्षं काढलेल्या मराठी घरात एक जड लोखंडी ठोकळा हमखास सापडतो: ट्रान्सफॉर्मर. मुंबईहून हौसेने आणलेला मिक्सर 230 व्होल्टचा, जुन्या इमारतीतल्या भिंतीतला साधा प्लग 127 चा, आणि एसीचा 220 चा. त्यातून इथली वीज 60 हर्ट्झची, भारतातली 50 ची. 2010 साली मंत्रिमंडळाने घरगुती वीज टप्प्याटप्प्याने 230/400 वर न्यायचं ठरवलं, पण जुन्या इमारतीत राहणाऱ्या गृहिणीला अजूनही प्लग लावण्याआधी उपकरणाच्या तळाशी चिकटवलेली पट्टी वाचावीच लागते. या पट्ट्यांवर काय असावं हे ठरवणारी सौदी मानक संस्था, म्हणजे ‘सासो’, 1972 साली स्थापन झाली.

त्याच 1972 साली फ्रान्समध्ये मार्सेयला आलँ कोलमराव्हर आणि फिलिप रुसेल या दोघांनी प्रोलॉग नावाची संगणकभाषा तयार केली. तिच्या मागचा तर्कशास्त्राचा पाया रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या कामाचा. आता तुम्ही म्हणाल, मिक्सर कुठे आणि प्रोलॉग कुठे! पण मंडळी, दुखणं एकच आहे. जरा धीर धरा.

इतर संगणकभाषांत यंत्राला ‘हे कर, मग ते कर’ असं सांगावं लागतं. प्रोलॉगमध्ये आपण फक्त माहिती आणि नियम सांगायचे आणि प्रश्न विचारायचा. म्हणून या भाषेच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात पहिलं उदाहरण असतं घराण्याचं: हा त्याचा बाप, ती याची बहीण, तर मग हा कोणाचा काका? इंग्रजी पुस्तकांत सगळे बिचारे ‘अंकल’ आणि ‘आंट’. आपल्याकडे काका वेगळा, मामा वेगळा, मावशीचा नवरा वेगळा आणि आत्याचा नवरा वेगळा. ऑफिसमधल्या सौदी सहकाऱ्याला हे समजावून सांगायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, कारण अरबीतही बापाचा भाऊ ‘अम्म’ आणि आईचा भाऊ ‘खाल’. अमेरिकन साहेबाला मात्र तीनदा सांगूनही मामा आणि काका यांतला फरक कशाला हवा ते कळलं नाही.

आमच्या घरी हा उद्योग सुरू झाला तो आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने. माझ्या मुलीने ठरवलं की आजीला सगळ्या कुटुंबाची वंशावळ छापून द्यायची. नुसतं झाड नव्हे, तर कोणत्याही दोन माणसांची नावं दिली की नातं सांगणारा प्रोग्रॅम. इथे सुट्टीत तिने तो लिहिला आणि पुण्याच्या चुलतभावाला पाठवला, कारण तिकडच्या माणसांची माहिती त्याच्याकडे. काकाचा नियम तिने असा लिहिला होता:

काका(_क, _म) :- वडील(_व, _म), भाऊ(_क, _व).

म्हणजे ‘म’चे वडील ‘व’ असतील आणि ‘क’ हा ‘व’चा भाऊ असेल, तर ‘क’ हा ‘म’चा काका. अक्षरांमागे ती शेपटी कशाला? प्रोलॉगमध्ये मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होणारा शब्द म्हणजे ‘कोणीतरी’, आणि छोट्या अक्षराने सुरू होणारा म्हणजे ठरावीक नाव. देवनागरीत मोठी-छोटी लिपी आहेच कुठे? अरबीतही नाही. म्हणून आपल्याला ‘कोणीतरी’ म्हणायचं तर आधी खालची रेघ द्यायची. इंग्रजी सोडून इतर अक्षरांचं काय करायचं हे मानकाने प्रत्येक प्रणालीवर सोपवलं आहे, तेव्हा रेघ देणं केव्हाही बरं.

पुण्याला प्रोग्रॅम उघडला आणि तिथे वेगळंच घडलं. इथे नावांची यादी व्यवस्थित यायची, तिथे नावांऐवजी आकड्यांची माळ. इथे चालणारा यादी उलटसुलट करण्याचा एक तयार शब्द तिथे अस्तित्वातच नाही. आणि तक्ता छापला तर सगळे रकाने वाकडेतिकडे. दोघांकडे भाषा एकच, प्रोलॉग. फक्त दोन वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेली. दोन भावंडांत फोनवरून ‘तुझंच चुकतंय’ हे दोन दिवस चाललं.

खरं तर कोणाचंच चुकत नव्हतं. भाषेत काही कामं तयारच मिळतात, त्यांना अंगभूत प्रेडिकेट म्हणतात. ही कोणती असावीत आणि प्रत्येकाने नेमकं काय करावं, हे आयएसओ/आयईसी 13211-1 या मानकाने 1995 साली ठरवलं. पण तोवर भाषा तेवीस वर्षांची घोडी झाली होती! एडिंबरोहून 1977 च्या सुमाराला डेव्हिड वॉरन यांचा कंपायलर आला, 1982 साली जपानने पाचव्या पिढीच्या संगणकाचा मोठा प्रकल्प याच विचारावर सुरू केला, कंपन्या निघाल्या, आणि प्रत्येकाने आपापल्या घरचे शब्द भाषेत घातले. मानक आलं तेव्हा घराघरात चुली वेगळ्या झालेल्या.

नावांऐवजी आकडे का आले, ते ऐका. ‘ॲटम-चार्स’ नावाचं एक प्रेडिकेट आहे. मानकाप्रमाणे ते शब्दाची सुटी अक्षरं देतं. पण क्विंटस या जुन्या नामांकित प्रणालीत त्याच नावाचं प्रेडिकेट अक्षरांचे सांकेतिक आकडे द्यायचं. नाव तेच, काम वेगळं. यासारखा घातक प्रकार नाही. नाव वेगळं असतं तर निदान यंत्राने ओरडून तरी सांगितलं असतं. दुहेरी अवतरणचिन्हांतल्या मजकुराचंही तसंच: कोणाकडे आकडे, कोणाकडे अक्षरं, आणि एसडब्ल्यूआय-प्रोलॉगच्या सातव्या आवृत्तीपासून तिसराच एक प्रकार.

रकाने वाकडे होण्याचं कारण तर आपल्या भाषेतच दडलेलं. शब्दाची लांबी मोजणारं ‘ॲटम-लेंग्थ’ मानकात आहे. पण ‘आत्या’ या शब्दात अक्षरं किती? शाळेतल्या बाई सांगतील दोन. युनिकोडने मोजाल तर आ, त, हलन्त, य आणि काना अशी पाच. आणि जी प्रणाली यूटीएफ-8 चे बाइट मोजते ती सांगेल पंधरा. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर, पण तक्ता मात्र कोसळतो. अरबीत मुहम्मद लिहायला म-ह-म-द एवढी चारच अक्षरं. बाइट मोजले तर आठ.

ही भाषा वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसतं की ‘मेंबर’ आणि ‘अपेंड’ ही रोज लागणारी प्रेडिकेट 1995 च्या मानकात नाहीतच! यादीची लांबी सांगणारं ‘लेंग्थ’सुद्धा नाही. जवळजवळ प्रत्येक प्रणालीत ती असतात, म्हणून ती मानकच आहेत असं वाटत राहतं. पुढे 2007, 2012 आणि 2017 साली मानकाला दुरुस्त्या जोडल्या गेल्या. त्यांपैकी 2012 च्या दुरुस्तीत क्रम लावणारं ‘सॉर्ट’ आलं. मधल्या सतरा वर्षांत ते सगळीकडे वापरात होतं, नुसतं कागदावर नव्हतं. आपल्याकडची लग्नं नोंदणीच्या आधी होतात, त्यातलाच प्रकार.

म्हणूनच प्रणालीच्या माहितीपुस्तकात प्रत्येक प्रेडिकेटपुढे ‘हे मानकातलं’ की ‘हे आमच्या घरचं’ असं स्पष्ट लिहिणं फार मोलाचं. मानकाची तशी सक्तीच आहे: ज्या गोष्टी त्याने प्रणालीवर सोपवल्या आहेत, त्या सगळ्या सोबतच्या कागदपत्रांत लिहून द्यायला हव्यात, आणि घरचं काही वापरलं तर ते नाकारणारी एक कडक अवस्थाही प्रणालीत असायला हवी. दानिएल दियाझ यांच्या जीएनयू प्रोलॉगच्या पुस्तकात प्रत्येक प्रेडिकेटच्या वर्णनाखाली तशी वेगळी ओळच असते. ॲमस्टरडॅमला यान वीलेमाकर यांनी 1987 साली सुरू केलेल्या एसडब्ल्यूआयच्या पुस्तकात मानकातल्या प्रेडिकेटपुढे ‘आयएसओ’ असा शिक्का असतो. माझं मत विचाराल तर शिक्का चांगला, पण पुरेसा नाही. ‘ॲटम-लेंग्थ’ला तिथे शिक्का आहे, आणि खालीच लिहिलं आहे की आमचं प्रेडिकेट आकड्यांचीही लांबी सांगतं. मानकाप्रमाणे आकडा दिला तर चूक दाखवायला हवी. हे त्यांनी लिहून ठेवलंय म्हणून कळलं तरी! व्हिएन्नाचे उलरिख नॉयमर्केल यांनी तर वेगवेगळ्या प्रणालींना एकेक बारीक प्रश्न विचारून कोण मानकाप्रमाणे उत्तर देतो याचे लांबलचक तक्ते केले आहेत. असलं चिकट काम करणारी माणसं प्रत्येक क्षेत्रात थोडीच असतात.

आमच्या दोघा भावंडांनीही शेवटी तेच केलं. एक वही घातली, रकाने चार: प्रेडिकेटचं नाव, मानकात आहे का, सौदीत काय करतं, पुण्यात काय करतं. जे मानकात नाही ते शक्यतो वापरायचं नाही, आणि वापरलंच तर स्वतः लिहून प्रोग्रॅमसोबत पाठवायचं. ‘अपेंड’ लिहायला दोन ओळी लागतात, तेव्हा त्यात काही जड नव्हतं.

या वहीमुळे एक गोष्ट मात्र लक्षात आली, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पुण्याचा प्रोग्रॅम एका जागी आजीच्या माहेरच्या माणसांबद्दल बेधडक ‘नाही’ म्हणत होता. ही तिची चुलतबहीण का? नाही. ही मावसबहीण? नाही. इथे तोच प्रश्न विचारला तर यंत्राने चूक दाखवली: ‘असा नियमच अस्तित्वात नाही.’ एका ठिकाणी ‘चुलत_बहीण’ असं लिहिलं होतं आणि दुसरीकडे ‘चुलतबहीण’, एवढाच घोटाळा. मानक म्हणतं की अनोळखी प्रेडिकेट आलं तर आपणहून चूक दाखवावी. पण ही खूण बदलून यंत्राला गप्प बसवता येतं, आणि पुण्याला ती तशी बदललेली होती. गप्प बसलेलं यंत्र ‘ठाऊक नाही’ऐवजी ‘नाही’ म्हणतं. त्या भरवशावर कागद छापला असता तर आजीच्या माहेरची निम्मी माणसं परकी ठरली असती, आणि ती नावं सांगू शकणारं घरात आता आजीशिवाय कोणी उरलेलं नाही.

खूण परत ‘चूक’वर आणली, शुद्धलेखन एकसारखं केलं, आणि जिथे जिथे यंत्र अडलं ती यादी घेऊन मुलगी तीन शुक्रवार आजीशी फोनवर बोलत बसली. एका मावशीचं नाव लग्नानंतर बदललं होतं, ते त्यात कळलं. कागद वेळेवर छापून झाला. वहीच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. कोणाच्या मुलांना कॉलेजात प्रोलॉग असेल तर मंडळाच्या पुढच्या बैठकीला मागून घ्या.