कवटीआडच्या प्रकाशाचा माग

डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जिवंत डोक्यात शिरतो आणि रक्तातल्या ऑक्सिजनची खबर घेऊन बाहेर येतो, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ साली दाखवले. आता कपाळावर एक दिवा आणि त्यापासून सुमारे तीन सेंटिमीटरवर एक संवेदक लावला, की कवटी न उघडता मेंदूतल्या रक्ताचे चढउतार टिपता येतात. पण संवेदकापर्यंत पोचलेला प्रकाश खरोखर मेंदूत जाऊन आला, की कातडीतूनच परतला? माझ्या मते या तंत्राचा सगळा भरवसा याच प्रश्नावर अवलंबून आहे, आणि संगणकाच्या मदतीशिवाय त्याचे उत्तर मिळणे कठीण आहे. कारण ऊतींमध्ये प्रकाश सरळ चालत नाही. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या अंतरातच त्याची दिशा बदलते, आणि ते तीन सेंटिमीटर ओलांडेपर्यंत त्याची वाटचाल जवळपास सहापट होते. ही भटकंती जिवंत माणसात पाहता येत नाही, म्हणून संगणक ती एकेका फोटॉनसाठी, म्हणजे प्रकाशकणासाठी, रचतो: पुढचे वळण किती अंतरावर, कोणत्या कोनात, हे दर पावलाला यादृच्छिक आकड्यांवरून ठरते आणि वाटेत किती प्रकाश शोषला गेला याचा हिशोब ठेवला जातो. न्यूट्रॉनांचा प्रवास समजावा म्हणून गणितज्ञ उलाम आणि फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत घडवलेली ही मॉन्टे कार्लो पद्धत. तिला दहापट अचूकता हवी तर शंभरपट फोटॉन सोडावे लागतात. एरवी व्हिडिओ गेमची चित्रे रंगवणाऱ्या चिप आता हे ओझे उचलतात.

आक्षेप असा, की संगणकाला पुरवलेले आकडेच कच्चे आहेत. कवटी किंवा मेंदू प्रकाश किती विखुरतो, हे पुष्कळदा शरीराबाहेर काढलेल्या ऊतींवर मोजलेले असते आणि त्यांत रक्त वाहत नसते. आक्षेप रास्त आहे. या गणितावरून कुणाच्या मेंदूतल्या ऑक्सिजनचा नेमका आकडा सांगू नये. मात्र आकडे शक्यतेच्या मर्यादेत खालीवर करून पाहिले, तरी एक निष्कर्ष टिकतो: प्रौढाच्या डोक्यात या वाटचालीचा बराच मोठा भाग त्वचा आणि कवटीतच होतो, मेंदूच्या वाट्याला थोडाच येतो. म्हणूनच दिव्यापासून सेंटिमीटरभराच्या आत दुसरा संवेदक लावतात. त्याला जवळजवळ फक्त त्वचेचाच संकेत मिळतो आणि तो मूळ संकेतातून वजा करता येतो. मला अधिक गंभीर वाटते ती दुसरी उणीव. अशा गणितांत वारंवार वापरला जाणारा ‘कॉलिन २७’ हा नकाशा एकाच माणसाच्या डोक्याच्या २७ स्कॅनांवरून बनला आहे. पण सगळी डोकी सारखी नसतात. तान्ह्या बाळाची कवटी पातळ असते. सावळी त्वचा आणि दाट काळे केस अधिक प्रकाश शोषतात. भारतीय रुग्णांसाठी ही उपकरणे वापरायची, तर इथल्या वेगवेगळ्या वयांच्या आणि वर्णांच्या डोक्यांवर हे गणित नव्याने मांडावे लागेल.